अमेरिकी विद्यापीठे आपले क्रीडासंघ का बंद करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोहणे, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांचे संघ आर्थिक अडचणीचे कारण देऊन बंद करण्याची लाट अमेरिकी विद्यापीठांत २०२० मध्ये उसळली, आणि २०२५ मधील एका न्यायालयीन तडजोडीनंतर तिला पुन्हा जोर आला. खेळाच्या बळावर तेथे प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना या विषयात जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

‘वर्सिटी’ संघ म्हणजे नेमके काय?

विद्यापीठाच्या नावाने, विद्यापीठाच्या खर्चाने आणि पगारी प्रशिक्षकाच्या हाताखाली इतर विद्यापीठांशी खेळणारा अधिकृत संघ म्हणजे वर्सिटी संघ. त्याच आवारात त्याच खेळाचा ‘क्लब’ संघही असू शकतो. पण क्लबमध्ये विद्यार्थी स्वतः वर्गणी काढतात, प्रवासाची सोय स्वतः करतात आणि त्यांना प्रवेशात किंवा शिष्यवृत्तीत सवलत नसते. म्हणून ‘खेळ बंद होत नाही, तो क्लब पातळीवर चालू राहील’ असे विद्यापीठ सांगते, तेव्हा खेळाडूच्या दृष्टीने बहुतेक सगळेच संपलेले असते. वर्सिटी संघांपैकी बहुतेक एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन) या राष्ट्रीय संघटनेच्या तीन विभागांत विभागलेले आहेत: पहिला विभाग सर्वांत खर्चिक, दुसरा मधला, आणि तिसऱ्या विभागात क्रीडा शिष्यवृत्ती मुळीच दिली जात नाही.

या संघांवर खर्च होणारा पैसा येतो कुठून?

फुटबॉल (अर्थात अमेरिकी फुटबॉल) आणि पुरुषांचे बास्केटबॉल या दोन खेळांच्या तिकिटांतून, दूरचित्रवाणी हक्कांतून आणि देणग्यांतून मोठी कमाई होते. बाकीचे पंधरा-वीस खेळ जवळजवळ सर्वत्र तोट्यात असतात आणि ते तसे असणार हे गृहीतच धरलेले असते. तरीही क्रीडा विभागाचा एकूण हिशेब नफ्यात असणारी विद्यापीठे फार थोडी आहेत. कोविडच्या साथीआधीच्या वर्षांतही पहिल्या विभागातील साडेतीनशेच्या आसपास संस्थांपैकी अशांची संख्या पंचवीसच्या आगेमागेच होती. उरलेल्या ठिकाणी तूट भरून काढली जाते ती विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून आणि विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून. आपल्याकडे जशी जिमखाना फी प्रत्येकाला भरावी लागते, मग तो मैदानावर पाऊल ठेवो वा न ठेवो, तसेच हे शुल्क; मात्र काही सार्वजनिक विद्यापीठांत ते वर्षाला हजार डॉलरच्या वर जाते.

२०२० मध्ये एकदम इतके संघ का बंद झाले?

कोविडमुळे मार्च २०२० मधील बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. एनसीएएची बहुतेक कमाई या एकाच स्पर्धेवर अवलंबून असते, त्यामुळे सदस्य संस्थांना त्या वर्षी ६० कोटी डॉलर मिळायचे होते तेथे साडेबावीस कोटी मिळाले. त्यात फुटबॉलचा हंगाम होणार की नाही, याची खात्री राहिली नाही. सिनसिनाटीने पुरुषांचा सॉकर संघ, ओल्ड डोमिनियनने कुस्ती, बोलिंग ग्रीनने बेसबॉल, ब्राउनने एका दमात ११ संघ, अशा घोषणा एप्रिल-मे महिन्यांपासून सुरू झाल्या.

सर्वांत मोठा धक्का मात्र ८ जुलै २०२० रोजी स्टॅनफर्डने दिला. ३६ वर्सिटी खेळांपैकी ११ खेळ पुढच्या हंगामानंतर बंद करण्याचे त्या विद्यापीठाने जाहीर केले: पुरुष व महिला तलवारबाजी, फील्ड हॉकी, हलक्या वजनाची महिला रोइंग, पुरुष रोइंग, दोन्ही सेलिंग संघ, महिला स्क्वॉश, कलात्मक जलतरण, पुरुष व्हॉलीबॉल आणि कुस्ती. २४० हून अधिक खेळाडू आणि २२ प्रशिक्षक यांच्यावर त्याचा परिणाम होणार होता. विद्यापीठाने दिलेला हिशेब असा होता की साथीच्या आधीच विभागाची वार्षिक तूट १ कोटी २० लाख डॉलरकडे चालली होती, साथीमुळे ती अडीच कोटींच्या वर जाईल आणि तीन वर्षांत एकूण खड्डा ७ कोटींच्या घरात पोहोचेल. हे ११ खेळ कायमचे चालवायचे तर २० कोटी डॉलरहून अधिक निधी लागेल. ज्या संस्थेची गंगाजळी त्या वर्षी सुमारे २,८०० कोटी डॉलर होती, तिने हे सांगितल्यामुळे इतर विद्यापीठांना जणू परवानाच मिळाला. स्टॅनफर्डला परवडत नाही तर आम्हाला कसे परवडेल, असे म्हणायला प्रत्येक जण मोकळा झाला.

गंगाजळी इतकी मोठी असताना पैसे नाहीत असे कसे म्हणता येते?

या निधीतील बहुतांश रक्कम देणगीदाराने ठरवून दिलेल्या कामासाठी बांधलेली असते आणि दरवर्षी त्यातून चार-पाच टक्केच खर्च करण्याची पद्धत आहे, हे विद्यापीठांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. स्टॅनफर्डने दहा महिन्यांनी हा निर्णय पूर्णपणे मागे घेतला, तेव्हा त्याच्या कारणांत सुधारलेली आर्थिक परिस्थिती आणि माजी विद्यार्थ्यांनी दाखवलेली देणगीची तयारी ही दोन होती. देणगीची ती तयारी निर्णयाआधी विचारली असती तर तेव्हाही कळली असती.

संघ बंद करून खरोखर किती पैसे वाचतात?

अंदाजपत्रकात दिसतात त्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि काही वेळा मुळीच नाही. याचे कारण शिष्यवृत्तीच्या हिशेबात आहे. क्रीडा विभाग खेळाडूची फी विद्यापीठाला ‘भरतो’, म्हणजे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. तो खर्च म्हणून क्रीडा विभागाच्या वहीत छापील दराने चढतो, पण आधीच चालू असलेल्या वर्गात आणखी एक विद्यार्थी बसवायला विद्यापीठाला तितका खर्च येत नाही.

शिवाय छोट्या खेळांत पूर्ण शिष्यवृत्ती कोणाच्याच वाट्याला सहसा येत नसे. २०२५ पूर्वीच्या नियमांनुसार पहिल्या विभागात पुरुष व्हॉलीबॉलला आणि पुरुष टेनिसला साडेचार, पुरुष जिम्नॅस्टिक्सला ६.३, तर कुस्तीला आणि पुरुष जलतरणाला ९.९ शिष्यवृत्त्या इतकीच मर्यादा होती, आणि प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वीस-तीस जणांत वाटत असत. आता साधे गणित मांडून पाहा. तीस जलतरणपटूंच्या संघात ९.९ शिष्यवृत्त्या वाटल्या, म्हणजे सुमारे वीस विद्यार्थ्यांइतकी फी संघातली मुले स्वतःच भरत आहेत. संघ गेला आणि त्यातली निम्मी मुले दुसरीकडे वळली, तर प्रशिक्षकाचा पगार, बसभाडे आणि हॉटेलचे बिल वाचवून मिळालेला पैसा बुडालेल्या फीत जिरू शकतो. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात रिकामी झालेली जागा दुसरा विद्यार्थी लगेच भरतो, म्हणून तेथे हे नुकसान जाणवत नाही. पटसंख्येसाठी धडपडणाऱ्या संस्थेत ते फार जाणवते.

आयोवा विद्यापीठाचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. आयोवा ज्यात खेळते त्या बिग टेन कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपसात लीग सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) ११ ऑगस्ट २०२० रोजी फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि दहाच दिवसांनी आयोवाने पुरुष जिम्नॅस्टिक्स, पुरुष टेनिस आणि दोन्ही जलतरण संघ बंद करण्याचे जाहीर केले. १० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडणार, हे कारण होते. या चार संघांच्या बंदीतून वर्षाला ५० लाख डॉलरच्या थोडे वर वाचणार होते, आणि तेही एक-दोन वर्षांनी. त्याच काळात फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचे वार्षिक मानधन साधारण तेवढेच होते. पुढे १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला, ऑक्टोबरमध्ये फुटबॉल सुरूही झाले. चार संघांच्या बाबतीत मात्र विद्यापीठ आपणहून मागे हटले नाही.

मग फुटबॉलच्या खर्चाला कात्री का लागत नाही?

कारण पैसा आणणारा आणि देणगीदारांना स्टेडियमवर खेचणारा खेळ तोच आहे, आणि त्यातली काटकसर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली सवलत असे प्रत्येक विद्यापीठ मानते. फुटबॉल बंद करणाऱ्यांची उदाहरणे आहेत, पण ती बोटांवर मोजावी लागतात. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये फुटबॉल बंद केले; चारच वर्षांपूर्वी पहिली हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार) त्याच विद्यापीठाच्या जे बर्वँगर यांनी मिळवली होती. उलट बाजूला, अलाबामा राज्यातील यूएबीने (अलाबामा विद्यापीठाची बर्मिंगहॅम येथील संस्था) डिसेंबर २०१४ मध्ये फुटबॉल बंद केले आणि बर्मिंगहॅम शहराने असा काही गदारोळ केला की सहा महिन्यांत ते परत सुरू करण्याची घोषणा करावी लागली.

आणखी एक कारण नियमांत दडलेले आहे. फुटबॉलच्या सर्वोच्च गटात राहायचे तर किमान १६ वर्सिटी खेळ चालवावे लागतात, पहिल्या विभागातील इतरांना १४. ज्या विद्यापीठात वीस-बावीस खेळ आहेत, तेथे या किमान मर्यादेपर्यंतचा फरक म्हणजे कापण्याजोगा भाग, अशीच दृष्टी होते. एप्रिल २०२० मध्ये काही कॉन्फरन्सनी ही किमान अट काही काळ शिथिल करा, अशी विनंतीही एनसीएएकडे केली होती.

‘टायटल नाइन’ काय आहे आणि ते प्रत्येक बातमीत का येते?

सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगाधारित भेदभाव करू नये, असे सांगणारा हा १९७२ चा संघीय कायदा आहे. खेळांच्या बाबतीत त्याची तपासणी कशी करायची, हे १९७९ मध्ये ठरले. संस्थेने तीनपैकी एक कसोटी उतरायची: महिला खेळाडूंचे प्रमाण एकूण विद्यार्थिनींच्या प्रमाणाच्या जवळपास असावे, किंवा महिलांच्या संधी सातत्याने वाढवत नेल्याचा इतिहास असावा, किंवा विद्यार्थिनींची खेळण्याची इच्छा आणि क्षमता सध्याच पूर्णपणे भागत असावी.

महिलांचा चालू संघ बंद करणारे विद्यापीठ दुसरी आणि तिसरी कसोटी स्वतःच्या हाताने गमावते, कारण संधी वाढवण्याऐवजी कमी झालेल्या असतात आणि खेळू इच्छिणाऱ्या मुली समोर उभ्या असतात. उरते ती पहिली, आकड्यांची कसोटी. आज बहुतेक आवारांत विद्यार्थिनी पन्नास टक्क्यांहून अधिक आहेत आणि फुटबॉलचा एकच संघ शंभराहून अधिक पुरुषांची संख्या खातो, त्यामुळे या कसोटीवर पुष्कळ विद्यापीठे नापास होतात.

ब्राउन विद्यापीठाने हा धडा दोनदा गिरवला. १९९१ मध्ये त्याने महिला जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल यांचा निधी काढून घेतला, त्यावर ‘कोहेन विरुद्ध ब्राउन’ हा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि १९९८ मध्ये महिलांचे प्रमाण राखण्याचा करार झाला. २०२० मध्ये ११ संघ बंद केल्यावर वादी पक्षाने हाच जुना करार पुढे केला आणि महिलांचे अश्वारोहण व तलवारबाजी हे दोन संघ परत आणावे लागले. आयोवातही महिला जलतरणपटू न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये मनाई हुकूम मिळाला, फेब्रुवारीत त्यांचा संघ कायम झाला आणि तडजोडीत महिला कुस्तीचा नवा संघ काढण्याचे विद्यापीठाने मान्य केले. कनेक्टिकटच्या महिला रोइंग संघाची कथा वेगळी नाही. २०२५ मध्ये टेक्सासमधील स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाने बीच व्हॉलीबॉल, बोलिंग आणि गोल्फ बंद केले, तेव्हाही न्यायालयाने महिलांचे तिन्ही संघ चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला.

टायटल नाइनमुळेच पुरुषांचे संघ बंद होतात, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे. महिलांचा संघ काढला तर खटला होतो आणि पुरुषांचा काढला तर सहसा होत नाही, म्हणून कात्री पुरुषांच्या छोट्या संघांकडे वळते यात शंका नाही; आयोवात पुरुष जलतरण परत आले नाही. पण कायदा कोणताही संघ बंद करायला सांगत नाही. पुरुषांच्या वाट्याच्या जागा फुटबॉल आणि कुस्ती यांच्यात कशा वाटायच्या, हे विद्यापीठच ठरवते, आणि फुटबॉल संघात शंभरऐवजी ऐंशी जण ठेवायला कोणी तयार नसते. दोष कायद्याच्या माथी मारणे सोयीचे आहे, इतकेच.

एकदा बंद केलेला संघ परत येतो का?

अपेक्षेपेक्षा अधिक वेळा. बोलिंग ग्रीनच्या बेसबॉलसाठी माजी खेळाडूंनी १५ लाख डॉलरची हमी जमवली आणि तीन आठवड्यांच्या आत संघ परत आला. क्लेम्सनने पुरुष ॲथलेटिक्स, डार्टमथने गोल्फ, जलतरण व हलक्या वजनाची रोइंग यांचे पाच संघ, आणि विल्यम अँड मेरीने सातही संघ पुन्हा सुरू केले. याआधी २०१० मध्ये बर्कलीने बेसबॉल बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढच्या एप्रिलमध्ये निधी जमून संघ वाचला आणि त्याच हंगामात तो थेट कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत गेला.

स्टॅनफर्डमधील लढा याहून मोठा होता, कारण अकराही खेळांचे माजी खेळाडू ‘३६ स्पोर्ट्स स्ट्राँग’ या नावाने एकत्र आले. एकट्या कुस्तीच्या पाठीराख्यांनी एक कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने गोळा केली. मार्च २०२१ मध्ये सेंट लुईस येथे राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा झाली, तेव्हा १६५ पौंड गटात स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ अंगात साधा काळा पोशाख घालून मॅटवर उतरला. त्यावर विद्यापीठाचे नाव नव्हते, चिन्ह नव्हते. त्याने अंतिम लढत जिंकली. त्या विद्यापीठाच्या इतिहासातील ते दुसरेच राष्ट्रीय कुस्ती विजेतेपद होते, पहिले २००४ मधले. मे महिन्यात दोन खटले दाखल झाले आणि १८ मे २०२१ रोजी अकराही खेळ कायम ठेवण्याची घोषणा झाली.

तरीही याचा अर्थ आरडाओरडा केला की संघ वाचतो, असा घेऊ नये. जेथे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत किंवा महिलांच्या बाजूने कायदा आहे, तेथे संघ परत आले. मिनेसोटाचे पुरुष जिम्नॅस्टिक्स आणि पुरुष टेनिस, मिशिगन स्टेटचे जलतरण हे परत आले नाहीत. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅल पॉलीच्या जलतरण संघासमोर विद्यापीठाने अडीच कोटी डॉलर जमवण्याची अट ठेवली. लक्ष्य नंतर खाली आणले, तरी ते गाठता आले नाही. आणि घोषणेनंतरचे प्रत्येक निधिसंकलन हे वरातीमागून घोडेच असते, कारण तोपर्यंत चांगले खेळाडू दुसरीकडे गेलेले असतात.

हे निर्णय इतक्या गुप्तपणे का घेतले जातात?

खेळाडू आणि नवे प्रवेश घेणारे आधीच निघून जाऊ नयेत, तसेच देणगीदारांचा दबाव येऊ नये, म्हणून. ताकास तूर लागू न देता सगळे ठरते आणि मग एका झूम बैठकीत खेळाडूंना कळवले जाते. या पद्धतीची किंमत विद्यापीठांनाच मोजावी लागली आहे. विल्यम अँड मेरीने सप्टेंबर २०२० मध्ये सात संघ बंद केल्याचे पत्र काढले, तेव्हा त्यातील मजकूर स्टॅनफर्डच्या दोन महिन्यांपूर्वीच्या निवेदनाशी जागोजागी जुळतो, हे वाचकांनी लगेच ओळखले. विद्यार्थ्यांना निबंधात उचलेगिरी केल्याबद्दल काढून टाकणाऱ्या संस्थेची ही गत! क्रीडा संचालकांना महिनाभरात पद सोडावे लागले. डार्टमथमध्ये टायटल नाइनच्या पूर्ततेसाठी वापरलेली आकडेवारी कदाचित अपुरी होती, असे अध्यक्षांनाच कबूल करावे लागले. विद्यापीठाच्या सभागृहात चार महिने उघड चर्चा झाली असती तर या चुका कोणीतरी दाखवून दिल्याच असत्या.

२०२५ नंतर काय बदलले?

‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली. तिच्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलर भरपाई मिळणार आहे, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. शिष्यवृत्तीच्या जुन्या मर्यादा गेल्या आणि त्या जागी प्रत्येक खेळाच्या संघात कमाल किती जण असावेत याच्या मर्यादा आल्या.

खेळाडूंच्या घामावर इतकी वर्षे इतरांनी पैसा केला, म्हणून तत्त्व योग्यच आहे. अडचण अशी की हा नवा खर्च जवळजवळ सगळा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलच्या खेळाडूंकडे जातो, तर भरपाईसाठी एनसीएएने आपल्या वाटपात केलेली कपात अशा विद्यापीठांनाही बसते ज्यांना दूरचित्रवाणीचा पैसा कधी मिळालाच नाही. कॅल पॉलीने या तडजोडीमुळे वर्षाला किमान साडेचार लाख डॉलरचा फटका बसेल, असे सांगून जलतरण बंद केले. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि आठवड्याभरात त्या विद्यापीठाने पहिला विभाग सोडून तिसऱ्या विभागात जाण्याचे जाहीर केले.

कॉन्फरन्सची फाटाफूट हा दुसरा घाव. पश्चिम किनाऱ्याकडील पॅक-१२ ही कॉन्फरन्स मोडल्यावर स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले, म्हणजे त्यांच्या टेनिस-व्हॉलीबॉल संघांना आता लीग सामन्यांसाठी देश ओलांडावा लागतो. मागे उरलेल्या वॉशिंग्टन स्टेटचा दूरचित्रवाणीचा पैसा आटला आणि जून २०२५ मध्ये त्यांनी ॲथलेटिक्समधील उड्या आणि फेकी हे प्रकार बंद करून धावण्यावर, त्यातही लांब पल्ल्यावर, भर ठेवला.

सगळा क्रीडा विभागच बंद झाल्याचे उदाहरण आहे का?

आहे. कॅलिफोर्नियातील सोनोमा स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये, सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरच्या तुटीमुळे, दुसऱ्या विभागातील आपले सर्व ११ संघ हंगामाअखेर बंद करण्याचे ठरवले. त्याच घोषणेत काही शैक्षणिक विभागही बंद झाले. येथे अडचण घसरलेल्या पटसंख्येची होती.

मग काही लहान कॉलेजे उलट नवे संघ का काढत आहेत?

कारण तिसऱ्या विभागात खेळाडूला क्रीडा शिष्यवृत्ती नसते. तो खेळायला मिळते म्हणून येतो आणि फी भरतो. समजा सवलती वजा जाता प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाला २० हजार डॉलर मिळतात, तर चाळीस जणांचा लॅक्रॉस संघ ८ लाख डॉलर आणतो, आणि प्रशिक्षक, साहित्य, बस यांचा खर्च त्याच्या बराच खाली राहतो. मिशिगनमधील एड्रियन कॉलेजने २००५ नंतर याच मार्गाने नवनवे संघ काढून पटसंख्या वाढवली आणि त्याचे अनुकरण अनेकांनी केले. अर्थात शेजारच्या प्रत्येक कॉलेजने तेच केले की तीच मुले इकडून तिकडे फिरतात, ही मर्यादा आहेच.

हे खेळ श्रीमंतांचेच असतात. ते गेले तर काय बिघडले?

स्क्वॉश, सेलिंग, रोइंग यांच्याबाबतीत हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. २०१९ च्या प्रवेश घोटाळ्यात बनावट खेळाडू म्हणून मुलांना आत घेण्यासाठी अशाच खेळांचा वापर झाला होता आणि स्टॅनफर्डच्या तत्कालीन सेलिंग प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला होता. पण कात्री नेहमी तेथेच चालते असे नाही. ब्राउनने २०२० मध्ये स्क्वॉश व गोल्फबरोबर पुरुष ॲथलेटिक्सही बंद केले आणि सेलिंगला मात्र वर्सिटी दर्जा दिला. कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या ज्या थोड्या संघांत बऱ्यापैकी होती त्यांपैकी ॲथलेटिक्स एक होता. टीका झाल्यावर दोन आठवड्यांत तो निर्णय फिरवावा लागला.

याचा अमेरिकेच्या ऑलिंपिक तयारीवर परिणाम होतो का?

होतो, कारण तेथे आपल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणासारखी (साई) सरकारी प्रशिक्षण यंत्रणा नाही. ऑलिंपिक संघातील साधारण तीनचतुर्थांश खेळाडू विद्यापीठांच्या संघांतून घडलेले असतात. पॅरिस २०२४ मध्ये अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाने १६ वर्षांनी सांघिक पदक मिळवले. पाचही जण स्टॅनफर्ड, मिशिगन आणि पेन स्टेट या तीन विद्यापीठांचे होते. पहिल्या विभागात या खेळाचे आता डझनभरच संघ उरले आहेत, आणि त्या तिघांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला तरी काय होईल हे वेगळे सांगायला नको.

संघ बंद झाल्यावर खेळाडूची शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांचे काय होते?

बहुतेक विद्यापीठे दिलेली शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू ठेवण्याची हमी देतात आणि दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याला लगेच खेळण्याची मुभा मिळते. मात्र पदवी की खेळ, यांतून निवड करावी लागते. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा पूर्णवेळ शिक्षणाशी जोडलेला आहे, संघाशी नव्हे. संघ गेल्याने व्हिसा जात नाही. पण शिष्यवृत्ती थांबली तर विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रवेशाच्या प्रमाणपत्रावर दाखवलेला खर्चाचा आधार बदलतो, आणि दुसरीकडे जायचे तर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील नोंद हस्तांतरित करून घ्यावी लागते, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सर्वांत आधी भेटावे. नव्या व्यवस्थेतील थेट मोबदला घेतानाही विद्यार्थी व्हिसावरील कामाची बंधने आडवी येऊ शकतात.

भारतातून खेळाच्या शिष्यवृत्तीवर जाऊ पाहणाऱ्यांनी काय पाहावे?

हा मार्ग भारतीयांना फळला आहे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ मध्ये एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तर तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडी जिंकली. आज मात्र टेनिस आणि उंच उडी हे दोन्ही प्रकार कात्रीच्या टप्प्यात आहेत. टेक्सासमधील यूटीईपीने (टेक्सास विद्यापीठाची एल पासो येथील संस्था) २०२५ मध्ये महिला टेनिस बंद केले आहे.

प्रशिक्षकाशी बोलताना संकोच न करता काही गोष्टी विचाराव्यात. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की चार वर्षांची, आणि संघ बंद झाल्यास ती टिकेल असे पत्रात लिहिले आहे का? संघासाठी राखीव देणगी निधी आहे का? विद्यापीठ एकूण किती खेळ चालवते, म्हणजे १६ किंवा १४ च्या किमान मर्यादेपेक्षा ते किती वर आहे? संघातील जागांच्या नव्या मर्यादेत आपले स्थान कितवे? प्रशिक्षकाचे तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण संघ बंद होत असल्याची बातमी बहुतेक वेळा प्रशिक्षकालाही खेळाडूंच्या फार आधी कळलेली नसते.